खिडकीतल्या फळीचा ताबा

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मांजरासाठी वेगळी जागा काढायची, तर ती खिडकीतच निघते. बाकीचा कार्पेट एरिया त्याने आधीच गिळंकृत केलेला असतो. खिडकीला फळी ठोकणं हे लाडाचं नव्हे, बांधकामाचं काम आहे. त्यामुळे सुरुवात प्लॉटपासून.

प्लॉटची दिशा आधी पाहावी. साधारण 30 ते 38 अंश सेल्सियसच्या टप्प्यात मांजराच्या शरीराला ऊब टिकवायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही; माणूस पंखा पाचवर नेतो तेव्हा कुठे त्याला बरं वाटू लागतं. सकाळचं कोवळं ऊन देणारी पूर्वेची खिडकी म्हणूनच उत्तम. मग दृश्य. माणसाला प्रिय असलेलं सी-फेसिंग इथे कवडीमोल. समोरच्या एसीच्या डब्यावर कबुतरांचं जोडपं, झाडावर खार आणि तारेवर कावळा असेल, तर त्या प्लॉटचा भाव दुप्पट धरावा. हलणाऱ्या वस्तूवर मांजराची नजर पक्की बसते, नाकापुढे वीतभर अंतरावरचं मात्र त्याला धूसर दिसतं. कबुतर दिसताच त्याच्या जबड्यातून कटकट असा आवाज येतो. तो फळी मोडल्याचा नसतो. तरीही एकदा वाकून ब्रॅकेट पाहून घ्यावा.

आता पार्टीचं वजन. मांजर काट्यावर उभं राहत नाही. आधी माणसाने एकट्याने उभं राहावं, मग त्याला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करावी. (पहिल्या आकड्याची घरात वाच्यता करू नये.) उत्तर बहुधा चार-पाच किलो येतं. पण मांजर फळीवर अलगद ठेवलं जात नाही, ते उडी मारून येतं, आणि त्या क्षणी फळीवरचा भार वजनाच्या कितीतरी पट होतो. हिशेब वीस-पंचवीस किलोंचा धरावा.

इथे एक मोह आड येतो: काचेला चिकटणारे, सक्शन कपवाले तयार झोपाळे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाचा कप कागदावर पाऊणशे किलोंहून जास्त ओढ सोसतो. कागदावर. मांजर कपाला काचेपासून दूर ओढत नाही, खाली ओढतं, आणि त्या दिशेला कपाची सगळी भिस्त घर्षणावर असते. काचेवर धूळ बसली, काठातून जराशी हवा शिरली, की रात्री दोनला धप्प. त्यापेक्षा 18 मिलिमीटरचा प्लाय, दोन दणकट ब्रॅकेट, भिंतीत गिट्टी आणि लांब स्क्रू. स्लाइडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्क्रू मारू नये; ती पट्टी काच सरकवण्यासाठी असते, मांजर पेलण्यासाठी नाही. फळी पन्नास सेंटिमीटर लांब, तीस रुंद. वर सनमायका लावायचा सुताराचा आग्रह मोडून काढावा. नखं गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतात. जुनी सतरंजी ताणून ठोकली की काम झालं.

जाळीचं काम मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. 1987 साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींतून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. दवाखान्यात आलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली. हा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की जागीच मेलेलं मांजर सहसा कुणी दवाखान्यात नेत नाही. मांजराच्या गळपट्टीचं हाड सांगाड्याला घट्ट जोडलेलं नसतं, त्यामुळे जिथून डोकं जातं तिथून बहुतेक वेळा अख्खं मांजर जातं. ग्रिलच्या गजांतून तर सहज. डासांची नायलॉनची जाळी पंजापुढे टिकत नाही. स्टीलची बारीक जाळी बसवावी आणि ती मुठीने ढकलून पाहावी. फळीशेजारी लिलीची कुंडी असेल तर ती घराबाहेर जाऊ द्या. खऱ्या लिलीचे नुसते परागकणही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

सोसायटीची परवानगी? फळी आतल्या बाजूला असेल तर सेक्रेटरींना कळवायचं कारण नाही. ते कळवण्याआधीच येतात.

ब्रॅकेट ज्या खोक्यातून आले ते खोकं फेकू नये. नेदरलँड्समध्ये आश्रयगृहात नव्याने आलेल्या मांजरांवरचा अभ्यास 2014 साली छापून आला: ज्यांना लपायला खोकं मिळालं, त्यांचा ताण लवकर उतरला. तेव्हा खोकंच फळीवर घट्ट बांधावं.

गृहप्रवेशाला मांजराला उचलून फळीवर बसवू नये. त्याने तो अपमान समजावा अशी प्रथा आहे. त्याच्या अंगाचा वास असलेली चादर वर टाकून घरच्यांनी दुसरीकडे बघत बसावं. आठवडा उलटला तरी पार्टी ताबा घ्यायला फिरकली नाही, तर शेवटचा उपाय: फळीवर ऑफिसचे कपडे इस्त्री करून ठेवावेत. मांजर पांढरं असेल तर काळी पँट, काळं असेल तर पांढरा सदरा.