फोटोतलं विमान ओळखा: हातखंबा परिसरातील नवशिक्यांसाठी

गणपतीला मुंबईहून आलात, हातखंब्याच्या तिठ्यावर उतरलात, घरी पोचून हातपाय धुतलेत, की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घ्यावी. आरतीला अवकाश असतो आणि सगळे भाऊबंद हाताशी असतात. लागणारं साहित्य: भिंग, सुती फडकं आणि काकांचं बोलणं न तोडण्याची ताकद. नौदलातल्या आजोबांचा विमानासोबतचा फोटो ट्रंकेत तळाशी, वाळवीच्या शेजारी सापडेल.

आधी विमान खरं आहे का ते पाहा. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याचं विमान असायचं. वैमानिकाच्या मागे आजी, आजीच्या मांडीवर आत्या आणि ढगाला मधोमध घडी पडलेली असेल, तर पुढचे धडे वाचू नयेत. मात्र फोटो जपून ठेवा. आजोबा खरोखर ज्यात बसले असं हे बहुधा एकमेव विमान.

विमान लोखंडी निघालं तर साल विचारा. रत्नागिरी जिल्ह्यातून नौदलात जाण्याची वहिवाट जुनी, त्यामुळे 'दुसऱ्या महायुद्धातलं' हे उत्तर लगेच येईल. इथे पहिला वाद होतो. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडे स्वतःची विमानंच नव्हती. आपल्या नौदलाचं पहिलं विमान, सीलँड, कोचीनला आलं १९५३ साली. म्हणजे १९४२ च्या फोटोत नौदलाचं विमान असेल तर ते साहेबाच्या नौदलाचं. एकावर एक दोन पंख, उघड्या बैठका, पुढे पंखा: स्वोर्डफिश. दोन पंख, पण पोट होडीचं आणि पंखा मागे तोंड केलेला: वॉलरस. कुणीतरी 'जपानी' म्हणेलच. त्याला पंखावरचा गोल दाखवा. जपानी विमानावर नुसता भरीव लाल गोळा असे. गोंधळ नको म्हणून पूर्वेकडच्या ब्रिटिश विमानांच्या गोलातला मधला लाल ठिपका युद्धाच्या मध्यावर काढूनच टाकला होता.

फोटो १९६१ नंतरचा असेल तर काम सोपं. त्या साली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात आली, आणि सुरुवातीला तिच्यावर पाहण्यासारखी दोनच विमानं होती. सी हॉक आणि अलिझे. सी हॉकला पंखा नाही, बैठक एकच. जेटचा धूर शेपटीतून निघत असेल असं वाटतं, पण तिथे भोक सापडणार नाही. तो पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. अलिझेला नाकावर चार पात्यांचा पंखा, आत तीन माणसं, आणि पंखांवर फुगीर कोष, ज्यांत चाकं दुमडून जातात. जहाजावर जागा कमी, म्हणून दोघांचेही पंख वर दुमडतात. तेव्हा 'पंख दुमडलेत, म्हणजे अलिझेच' असं ठासून सांगणाऱ्याला मोदक वाढावा.

काका १९६५ च्या लढाईत विक्रांतवरून झालेल्या हल्ल्याची हकिगत सांगू लागतील. त्या वेळी विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. हे नैवेद्य होईपर्यंत बोलू नये. १९७१ च्या डिसेंबरात मात्र तिच्या सी हॉकनी चितगाव आणि कॉक्स बझारवर खरोखर हल्ले केले. जेवणं झाली की काकांना अलगद त्या साली न्यावं.

शेवटी आजोबा. चाकावर पाय ठेवून, पंखाला हात लावून उभा राहिलेला माणूस वैमानिक असतो, हा समज घरोघरी आहे. विक्रांतवर हजारावर माणसं होती आणि सी हॉकमध्ये खुर्ची एक. भिंग विमानावरून बाहीवर आणा. बाहीवर नांगर दिसला तर लीडिंग सीमन. टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव नसेल तर निराश होऊ नका, युद्धकाळात ते मुद्दामच लिहीत नसत. फोटो उलटा करून पाठीमागचं शाईतलं बंदराचं नाव वाचा. ते विमानाच्या सालाशी जुळलं, तर आजोबा कधी नि कुठे होते एवढं नक्की झालं, आणि ते थोडं नाही.

बाकीचं आजीच्या पेन्शनच्या कागदांत असतं. त्यातला सेवा क्रमांक उतरवून घ्या. नाविकांच्या नोंदी ठेवणारा नौदलाचा ब्युरो मुंबईत मानखुर्दला आहे. हुद्दा बॉयलरवरचा 'स्टोकर' निघाला तर तो आजीला आधीपासून ठाऊक असतो. तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं, कारण बोलत काका असतात.