श्रीमती खारूताई यांस अनावृत पत्र

श्रीमती खारूताई,
मुक्काम एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे, तिसरा मजला, पुणे

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, उंबराच्या बोन्सायवरचं शेवाळ आपण पुन्हा उपटलंत. तोंडी सांगून, टाळ्या वाजवून, चप्पल दाखवून झालं. आता लेखी.

आपले पूर्वज सेतूच्या बांधकामावर होते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वाळूत लोळायचं आणि अंगाला चिकटलेले कण सेतूवर नेऊन झटकायचे, असं त्या कामाचं स्वरूप. रामरायाने पाठीवरून बोटं फिरवली आणि तीन पट्टे उमटले. दक्षिणेकडची आपली मंडळी तीनपट्टी आहेत, त्यांचं प्रमाणपत्र बिनचूक. उत्तरेकडच्यांच्या पाठीवर मात्र पाच आहेत. त्या जादा दोन पट्ट्यांचा खुलासा कोणी मागितलेला नाही, मीही मागत नाही. माझी शंका वेगळी आहे. सेतू होऊन युगं लोटली, तरी आपलं माती हलवण्याचं काम चालूच कसं? की कंत्राट संपल्याचं आपल्याला कोणी कळवलंच नाही?

साध्या कुंडीत आपण खड्डा केलात तर माझी फारशी तक्रार नाही. कोथिंबिरीचे धणे गेले, पुन्हा पेरू. पण बोन्सायच्या तबकात माती असते जेमतेम दोन-तीन बोटं. झाडाची सगळी बारीक मुळं त्या मातीच्या वरच्या थरात. ओल टिकावी म्हणून वर शेवाळ बसवायचं, ते धरायला महिने लागतात. आपण ते सकाळी उचकटून बाजूला ठेवता आणि मुळं दुपारच्या उन्हात उघडी पडतात. तिथे काहीही पुरलेलं नाही, हे आपल्याला पहिल्या दिवशीच कळलं असणार. तरी रोज तपासणी असतेच!

दातांचं मी समजू शकतो. आपले पुढचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडून झिजवले नाहीत तर पंचाईत. परंतु त्यासाठी उंबराचं खोडच हवं का? पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. साल खोडाभोवती पूर्ण कडं करून सोलली गेली की ती वाट बंद होते. पानं काही काळ हिरवी राहून आपल्याला फसवतात, खाली मुळं उपाशी मरत असतात. वॉशिंग्टनच्या सरकारी वृक्षोद्यानात एक जपानी पाइनचं बोन्साय आहे. १६२५ पासून त्याची निगा राखली जाते आहे, १९४५ मध्ये ते हिरोशिमात होतं आणि अणुबॉम्बमधूनही वाचलं. १९७६ मध्ये ते अमेरिकेला भेट दिलं गेलं. आमच्या बाल्कनीला दिलं असतं, तर साडेतीनशे वर्षांच्या त्या तपश्चर्येचं आपण एका दुपारी काय केलं असतं, याचा मी विचार करत नाही.

आता आमच्या उपायांविषयी, म्हणजे आपल्या करमणुकीविषयी. आधी प्लॅस्टिकचं घुबड आणलं. दोन दिवस आपण लांबून पाहिलंत, मग त्याच्या डोक्यावर बसून शेंगा सोलल्यात. जुन्या सीडी टांगल्या. त्यांच्या चकचकाटाने फक्त समोरच्या इमारतीतले काका घाबरले. मग लवंगी मिरचीची पूड. हा उपाय शास्त्राला धरून आहे, कारण तिखटाचा झटका आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांना बसतो, पक्ष्यांना बसत नाही, म्हणून तर पोपट मिरच्या खुशाल खातो. पण सकाळी पाणी घातलं की पूड खाली जाते, आणि आठवड्याने माती उकरताना शिंका कोणाला येतात, ते आपण कठड्यावरून पाहिलेलंच आहे. कबुतरांची नायलॉन जाळी लावली, तर आपण तिला आपल्या मापाचं दार पाडलंत.

एका शेजाऱ्यांनी उंदरांचा चिकट पुठ्ठा सुचवला. तो मी घरात आणणार नाही. त्यावर जीव तासन्‌तास तडफडतो, आणि कोणता जीव अडकायचा हे पुठ्ठा ठरवत नाही. आपलं भांडण आहे, वैर नाही.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची चौकोनी लोखंडी जाळी आणली. तबकाच्या मापाने कापली, खोडासाठी चीर ठेवली, मातीवर बसवून तारेने तबकाखाली बांधली. खोडालाही जाळीची सैल नळी घातली. बी पेरलेल्या कुंड्यांवर जाळीच्या टोपल्या, मोठ्या कुंड्यांत वर सुपारीएवढे गोटे. शेंगदाणा पेंड मातीत मिसळणं बंद. तिचा वास म्हणजे आपल्याला धाडलेलं आमंत्रणच होतं. चालतं ते एवढंच, बाकी सगळं मालकाच्या समाधानासाठी. फक्त देखावा असा झाला आहे की झाड तुरुंगात, मी पहारेकरी आणि आपण भेटीला आलेल्या नातेवाईक.

आपली थोरली शाखा पाहा. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, भीमाशंकरच्या झाडांवर राहतो, जमिनीवर सहसा उतरतही नाही. त्याने कोणाच्या कुंडीत कधी नाक खुपसलं? आपली एक शाखा तर परदेशी स्थायिक आहे. १८९८ मध्ये पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून पाचपट्टी खारी सोडल्या गेल्या, त्यांचे वंशज अजून तिथेच आहेत. तेव्हा आपण कधीतरी कंटाळून निघून जाल, ही आशा मी सोडली आहे.

म्हणून तडजोड. मनीप्लँटच्या काठीचा काथ्या आपण घरट्यासाठी ओरबाडून नेता. ती काठी सोडा. नारळाच्या शेंड्या मी कठड्याच्या कोपऱ्यात टांगून ठेवीन, हव्या तितक्या न्या. दातांसाठी पेरूची छाटलेली फांदी मिळेल. पिल्लं मोठी होईपर्यंत एसीची दुरुस्ती पुढे ढकलली आहे, घरच्यांचा घाम आपल्या नावे लिहावा. बदल्यात उंबर माझा.

कळावे, लोभ आहेच, तो आवरावा.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा पहारेकरी

ता. क. दोरीवरच्या गोधडीतून ओढून नेलेला कापूस या तडजोडीत धरलेला नाही.

प्रत माहितीसाठी : पार्किंगमधला बोका (कार्यवाहीची अपेक्षा नाही).