मागणी मालकाची, मंजुरी संगणकाची

बारामती-इंदापूर रस्त्यावरची ऑटोमॅटिक हायलक्स: २.८ लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअर, आणि मालकाचा हात तरीही दांड्यावर. क्लच गेला म्हणून रुबाब सोडायचा का? त्यासाठीच तो मॅन्युअल मोड. घाट उतरताना तो खरंच कामाचा; खालच्या गिअरात इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. पण इथं घाट कुठला? भवानीनगरजवळ उसाच्या जोडट्रॉलीमागं अडकलेले मालक तोऱ्यात ‘मायनस’ ओढतात. इंजिन गुरगुरतं, ट्रॉली ढिम्म. भर वेगात फारच खालचा गिअर मागितला, तर संगणक बीप वाजवून अर्ज फेटाळतो. मंजुरी वरूनच येते, हे बारामतीकराला शिकवावं लागत नाही. इंदापूरकर तर अर्ज करण्याआधीच बारामतीकडं बघून घेतो.