आडरानातील बारगीर

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आयुष्यातील बहुतेक सायंकाळी घालविलेल्या मनुष्याच्या ठिकाणी अश्वविद्येविषयी एक निराधार परंतु अढळ आत्मविश्वास उत्पन्न होतो; कारण महाराजांचा अश्वारूढ पुतळा इतकी वर्षे डोळ्यांसमोर असल्यामुळे, स्वारीच्या कलेत जे काही शिकण्यासारखे आहे ते आपण पाहून पाहूनच आत्मसात केले आहे, केवळ घोडा तेवढा मिळावयाचा राहिला, अशी त्याची प्रामाणिक समजूत होऊन बसलेली असते. याच न्यायाने, आचरेकर सरांच्या नेटमागे उभे राहून शेंगदाणे खाल्लेला आमच्यातील प्रत्येक गृहस्थ तेंडुलकरच्या जडणघडणीत आपलाही अल्पसा वाटा आहे असे मानून असतो. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. १९२७ साली, महाराजांच्या जन्मास तत्कालीन गणनेप्रमाणे तीनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास आजचे नाव मिळाले. आणि पुढे सरकारने जन्मवर्ष १६३० हे मुक्रर केल्यामुळे, दादरच्या लोकांनी निदान एक कार्य तरी मुदतीच्या तीन वर्षे आधी उरकले, असे इतिहासात नमूद झाले. असो.

साठीच्या उंबरठ्यावर मी आडरानात मोटारसायकल चालविण्याची विद्या संपादन करण्याचे योजिले, त्याचे कारण मी घरी ‘व्यायाम’ असे सांगितले होते. वास्तविक कारण असे की, कट्ट्यावरील माझे एक स्नेही लडाखचा प्रवास करून आल्यापासून खारदुंगला घाटाचा उल्लेख केल्यावाचून भेळसुद्धा मागवीत नसत, आणि त्यांना निरुत्तर करील असा एखादा दुर्गम अनुभव आपल्या पदरी असावा ही ईर्ष्या माझे अंतःकरण पोखरीत होती. लडाखला रस्ता आहे. म्हणून जेथे रस्ताच नाही तेथे जावे, असा माझा सरळ हिशेब होता.

कर्जतच्या पलीकडील एका माळावर हे शिक्षण मिळते. आमचे गुरुजी हे माझ्या धाकट्या चिरंजीवांहूनही चार-सहा वर्षांनी लहान, मावळातले, मितभाषी तरुण होते. मी त्यांस ‘गुरुजी’ म्हणे, ते मला ‘काका’ म्हणत, आणि या दोन संबोधनांपैकी कोणते अधिक अपमानकारक आहे याचा निर्णय आम्हां दोघांसही शेवटपर्यंत करता आला नाही. छाती, कोपर आणि गुडघे यांवर चिलखत चढवून मी सिद्ध झालो, तेव्हा पाण्याच्या टाकीवरील पत्र्यात मला माझे प्रतिबिंब दिसले, आणि खोटे कशाला बोला, ते मला आवडले. मात्र वाहनाशी गाठ पडताच प्रश्न निराळा झाला. हीरो कंपनीच्या त्या एक्सपल्स गाडीचे पुढील चाक एकवीस इंची, मागील अठरा इंची, आणि बैठक भूमीपासून ८२३ मिलिमीटर उंच. माझ्या पायांची लांबी मात्र विधात्याने कोणत्या तरी जुन्या कोष्टकाप्रमाणे ठरविलेली. परिणामी गाडी उभी असता माझा एकच पाय जमिनीस टेकत असे, आणि तोही ज्या बाजूस खड्डा असेल त्याच बाजूचा.

दादरच्या मनुष्याचे स्थायीभाव तीन: बसणे, जेथे पाहू नये तेथे पाहणे, आणि कोणतीही नवी गोष्ट सुरू होताच तिला ब्रेक लावणे. गुरुजींनी पहिल्याच सकाळी हे तिन्ही वर्ज्य ठरविले. “काका, बसू नका, उभे राहा.” दोन्ही पाय फूटरेस्टवर रोवून, गुडघ्यांनी टाकी धरून उभे राहिले म्हणजे शरीराचा भार बैठकीवरून पायांवर उतरतो, आणि गाडी खाली हवी तशी डुलली तरी स्वार शाबूत राहतो, असा त्यातील तत्त्वार्थ. त्यास इतिहासाचाही आधार आहे. १८८५ साली गॉटलीब डाइमलर यांनी बनविलेली जगातील पहिली पेट्रोलची दुचाकी त्यांचा मुलगा पॉल चालवीत नेत असता वाटेत तिच्या बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. तेव्हा या वाहनावर बसणे हेच मुळात शास्त्रसंमत नसावे. “काका, खाली बघू नका, लांब बघा.” दृष्टी जाईल तिकडे चाक जाते, दगडाकडे पाहिले की दगडावर. आता, एवढ्या मोठ्या माळावर दगड एकच होता आणि तो टाळण्याची मला सूचना होती, अशा स्थितीत मी त्याच्याकडे न पाहता दुसरे काय पाहणार? “काका, पुढचा ब्रेक सोडा!” सुट्या मुरुमावर पुढील चाक अडले की ते फिरत नाही, घसरते, हे ज्ञान मला प्रथम कोपराद्वारे प्राप्त झाले आणि बुद्धीपर्यंत पोहोचावयास त्यास बराच अवधी लागला.

गाडी आडवी झाली की ती ज्याची त्याने उचलावी असा तेथील दंडक. दीडशे किलोंहून अधिक वजनाचे ते धूड समोरून उचलू पाहणारा कंबरेस मुकतो. म्हणून हँडल वळवून, गाडीकडे पाठ करून, बैठकीस कुल्ले टेकवून, पायांच्या जोराने मागे मागे सरत तिला उभी करावी लागते. यात एक सोय अशी की, या सर्व काळात आपले तोंड प्रेक्षकांच्या विरुद्ध दिशेस ठेवता येते.

येथे मला शिवकालीन घोडदळाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. घरची मंडळी या विषयास ‘सभासदाची उबळ’ म्हणतात, आणि तो निघताच कोणास तरी दूध तापत ठेवल्याचे स्मरण होते. परंतु वाचकास तशी सोय नाही. घोडदळात स्वार दोन प्रकारचे असत: आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत ही सारी उतरंड लिहून ठेविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, पाच हजारींवर पंचहजारी, आणि सर्वांच्या शिरावर सरनौबत. त्यातील मला विशेष हृद्य वाटणारा तपशील असा की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद यांची नेमणूक असे. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा! साम्राज्ये कशावर चालतात हे ज्यास समजले त्याने ही तजवीज केली. आमच्या माळावरही एक पोऱ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत असे आणि एक मेकॅनिक वाकलेले क्लचचे दांडे बदलीत असे. त्या दोघांस मी मनातल्या मनात याच पदव्या दिल्या होत्या, आणि भाड्याच्या गाडीवर बसणारा मी तो अर्थात बारगीर.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. १६७३ च्या मे महिन्यात, म्हणजे राज्याभिषेकास अद्याप वर्ष अवकाश असता, महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस एक पत्र धाडिले. त्यात लढाईचा उल्लेख जवळजवळ नाही. आहे तो गवताचा. पावसाळ्याची बेगमी केलेले दाणा-वैरण आताच उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारिली असे होईल; मग तुम्ही कुणब्यांकडचे दाणे, भाकर, गवत, लाकूड, भाजीपाला उचलावयास लागाल, रयत परागंदा होईल, आणि त्यांना तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल; हवे ते बाजारातून विकत आणा. आणि याही पलीकडे: रात्री दिवे जळत ठेवून निजू नका, अवचित एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी भस्मसात होईल. सिंहासनाची तयारी चाललेल्या मनुष्यास उंदराचे स्मरण राहते, हे वाचताना दर वेळी माझे वाचन काही काळ थांबते. स्वारीची विद्या म्हणजे घोडा उधळण्याची विद्या, हा माझा कट्ट्यावरचा सिद्धांत या पत्रापुढे टिकत नाही. या पत्रातील स्वार अर्धा वेळ हिशेबनीस असतो, आणि उरलेला वेळ दुसऱ्याच्या शेताचा राखणदार.

आमच्या तुकडीत एक उत्साही शिक्षार्थी होता. मोकळी जमीन दिसताच त्याने गाडी शेताच्या बांधावर घातली आणि बांधाचा अर्धा हात तुकडा नांगरल्यासारखा उलथून टाकिला. आमचे मितभाषी गुरुजी त्या दिवशी प्रथमच ओरडले. “तो बांध माझ्या चुलत्याचा नाय, तरी सांगतो, उतरा खाली. हातानं माती लावा.” त्या गृहस्थाने माती लाविली, मीही लाविली, कारण त्या कामात पडण्याचे भय नव्हते. तथापि हे लिहिताना माझा विनोद थोडा आटतो. सह्याद्रीवरील सडे, जेथे कातळावर बोटभर माती आणि त्या मातीवर पावसाळ्यातील अल्पायुषी फुले, त्यांवर चारचाकी आणि दुचाकी फौजा नेऊन चाकोऱ्यांचे जाळे विणणारी शहरी मंडळी स्वतःस ‘मावळे’ म्हणवितात, आणि चिपळूणच्या छावणीचे ते पत्र त्यांपैकी एकासही पाठ नसते.

माळाच्या कडेने रोज सकाळी एक दूधवाला जाई. मागे दोन्ही बाजूंस ॲल्युमिनियमचे कॅन, पायात स्लीपर, डोक्यास टॉवेल, आणि खाली जुनी राजदूत. ही गाडी ग्रामीण महाराष्ट्रात दूधवाल्यांचीच मानली जात असे, आणि तिच्या टुकटुक आवाजाने गावोगावच्या पातेल्यांस जाग येई. ज्या चढावर आम्ही सर्व शास्त्रोक्त उभे राहून, टायरमधील हवा कमी करून, जीव मुठीत धरून जात होतो, त्याच चढावर तो बसून, एका हाताने, कानाशी फोन धरून जाई, आणि कॅनमधील दूध हिंदकळत नसे. एकदा माझी गाडी ऐन उतारावर आडवी झाली असता तो थांबला, दोन्ही पाय टेकवून त्याने मला मनसोक्त न्याहाळले, आणि अत्यंत कनवाळू स्वरात म्हणाला, “काका, हिकडनं कशाला? तिकडं चांगला रस्ता हाय की.” या प्रश्नास देण्याजोगे उत्तर मजजवळ नव्हते, फी भरल्याची पावती तेवढी होती.

मुंबईच्या रस्त्यांवर राहणाऱ्याने आडरानात शिकावयास जाण्याची आवश्यकता काय, हा विनोद येथे ओघानेच यावयाचा, आणि तो मी योजूनही ठेविला होता. परंतु ओढा ओलांडण्याच्या धड्याच्या वेळी गुरुजींनी एक गोष्ट सांगितली ती मनातून जात नाही. “पाण्यात आधी स्वतः चालत जायचं. तळ दिसत नसेल तर काठी घालायची. पाणी गोड दिसतं, पण खाली काय आहे ते सांगत नाही.” आडरानात पाण्यावर विश्वास ठेवू नये असे शिकविले जाते, डांबरी सडकेवर मात्र विश्वास ठेवूनच आपण घराबाहेर पडतो. अंधेरीत भाजी विकणाऱ्या दादाराव बिल्होरे यांचा मुलगा प्रकाश, वय वर्षे सोळा, २०१५ च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने मोटारसायकलवर मागे बसून येत होता. खड्ड्यात पावसाचे पाणी भरले होते, म्हणून तो दिसला नाही. मुलगा गेला. त्यानंतर त्याच्या वडिलांनी फावडे घेतले आणि खडी, माती, मिळेल ते घालून ते शहरातील खड्डे बुजवीत सुटले. एक, दोन नव्हे, शेकडो. काठी घालून पाहण्याची वेळ ज्या रस्त्यावर यावयास नको, तेथे एक बाप ती घालून पाहतो आहे. खड्ड्यांचा तो विनोद मी लिहिलेला नाही.

शिक्षण संपल्यावर बारगिरी सोडून शिलेदार होण्याची मला घाई झाली, आणि मी त्याच जातीची एक जुनी गाडी विकत घेतली. एका रविवारी माळावर जाऊन ती यथेच्छ चिखलाने माखवून आणिली, आणि तशीच, न धुता, केळुस्कर मार्गावर कट्ट्यासमोर सर्वांस दिसेल अशा बेताने लाविली. खारदुंगलावाले स्नेही दोनदा तिच्यावरून गेले. एक शब्द नाही. सोमवारी पहाटे मात्र इमारतीच्या रखवालदाराने, साहेबांची गाडी फार घाण झाली या सद्बुद्धीने, ती बादलीभर पाण्याने अशी लख्ख धुतली की माझा सारा पराक्रम गटारात वाहून गेला. मी त्यास दहा रुपये दिले. ते कोणत्या भावनेने दिले हे त्यास कळले नाही. त्यानंतर काही काळ माझी दृष्टी मैदानातील त्या प्रसिद्ध लाल मातीवर खिळून राहिली. उन्हाळ्यात जी उडून आसपासच्या रहिवाशांच्या घशात जाते आणि जिच्याविरुद्ध अर्जांवर अर्ज होतात, तीच ही माती. थोड्या पाण्यात कालविली असता कोकणातील जांभ्याच्या चिखलाहून ती ओळखू येत नाही, एवढेच मी येथे सांगतो.

पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी दरखास्त मांडली की, सभासदांनी आपली वाहने आवारात आणण्यापूर्वी चिखल, माती इत्यादी धुऊन काढावी, अन्यथा जिना धुण्याचा खर्च संबंधितांकडून वसूल करण्यात येईल. अनुमोदन कोणाचे, असे विचारताच सभागृहात क्षणभर स्तब्धता पसरली. आणि मग दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला, ज्यातील बांगड्या मी छत्तीस वर्षांपूर्वी रानडे रोडवरून स्वतः खरेदी केल्या होत्या. ठराव एकमताने संमत झाला. कारण विरोधी मत नोंदविण्याचे धैर्य मला झाले नाही.