एकतर्फी मुन्सफ

निजामी अंमल १९४८ च्या सप्टेंबरात उठला आणि त्याबरोबर पेशकार-मुन्सफ आदी मंडळीही इतिहासजमा झाली, असा जो समज आमच्या धाराशिव जिल्ह्यात रूढ आहे तो, उमरगे-परंड्याकडून पुण्याच्या संगणक कंपनीत गेलेल्या आणि सणासुदीला गावच्या ओसरीवरूनच लॅपटॉपची कचेरी चालविणाऱ्या तरुणास पाहिल्यावर टिकत नाही.

दोघा सहकाऱ्यांनी प्रोग्रामच्या एकाच ओळीत निरनिराळे फेरफार केले, की लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्मिलेले गिट हे नम्र दप्तरदार स्वतः निवाडा न देता दोन्ही कैफियती फाईलमध्ये एकीखाली एक मांडते, मध्ये बरोबरच्या सात चिन्हांची रेघ ओढते आणि हुजुरांच्या, म्हणजे या तरुणाच्या, हुकुमाची वाट पाहत बसते. हुजूर कैफियत वाचीत नाहीत. वाचल्याने मन कलुषित होते, असे त्यांचे न्यायशास्त्र; ते 'आमचे' किंवा 'त्यांचे' यांपैकी एक बटण दाबतात आणि चहा निवण्याच्या आत खटला निकाली!

भूमच्या एका खवा-व्यापाऱ्याच्या बिलाचे प्रकरण असेच सुनावणीस आले. एकाने वजनातून डब्याचे वजन वजा केले होते, दुसऱ्याने त्याच ओळीत वाहतुकीचे भाडे मिळविले होते. म्हणजे वादी-प्रतिवादी दोघेही खरे, आणि तंटा असा नव्हताच. हुजुरांनी भाड्याची बाजू उचलून धरली. पुढे कित्येक दिवस पत्र्याचा डबा खव्याच्या भावाने विकला गेला (व्यापाऱ्याने तक्रार केली नाही, ही गोष्ट निराळी), आणि दप्तरी नोंद झाली 'किरकोळ दुरुस्ती'.

तथापि रिबेस नामक विधीत 'आमचे' म्हणजे ज्या शाखेवर काम नव्याने रचावयाचे ती शाखा, आणि 'त्यांचे' म्हणजे आपलेच काम, अशी उलटापालट असते. हुजुरांनी सवयीने 'आमचे'वर शिक्कामोर्तब केले आणि स्वतःच्या आठवडाभराच्या मेहनतीस हद्दपारी फर्मावली. गिट मोठे दयाळू. असे टाकलेले कमिट, म्हणजे कामाची नोंद, ते रिफ्लॉग नामक रोजनाम्यात सामान्यतः ३० दिवस तरी जपून ठेवते. फोनवरून सूचना देत एका कनिष्ठ सहकारिणीने ते उकरून काढविले, जोडावयास घेतले, तोच नवा तंटा उभा राहिला, आता काय करावे, असे तिने विचारताच हुजूर जांभई आवरीत म्हणाले, "कोणतं तर एक ठेव की ताई, अन् हो मोकळी."