प्लग काढून बघा!

गाडीला काहीही झालं की ‘आधी प्लग काढून बघा’ म्हणणारे एक काका बहुतेक सोसायट्यांत असतात. हयात विमा कंपनीत किंवा सहकारी बँकेत गेलेली, इंजिनाशी आलेला संबंध वाहनकर्ज मंजूर करण्यापुरता. पण रविवारी सकाळी कुणाचं बॉनेट उघडलेलं दिसायचा अवकाश, काका प्लगपाना, जुना टूथब्रश आणि काचकागदाचा तुकडा घेऊन पार्किंगमध्ये हजर! प्लग बाहेर आला की ते मालकाला तो पुसू देत नाहीत. ‘अहो, हात लावू नका, पुरावा आहे तो!’ मग चष्मा कपाळावर चढवून, प्लग डोळ्यांशी नेऊन त्याचं टोक न्याहाळायचं, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच: ‘पेट्रोल पितेय’, ‘ऑइल खातेय’ किंवा ‘तापतेय’. तिन्ही लागू पडत नसतील तर चौथा राखीव असतो: ‘पंप बदला.’

काकांची चेष्टा करणं सोपं आहे, पण त्यांचं शास्त्र खोटं नाही. इंजिनाच्या पोटात स्फोट होतो तिथे शिरून परत येणारा आणि पाच मिनिटांत हातात घेता येणारा भाग हा एकच. त्याच्या टोकाशी असलेला चिनी मातीचा भाग साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर तापला, तरच त्यावर बसलेला कार्बन जळून जातो. ८५०च्या वर गेला, तर ठिणगीची वाट न पाहता तोच पेट्रोल पेटवू लागतो. या दोन आकड्यांच्या मध्ये गाडी नांदत असेल तर टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसतं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, मग दोष एअर फिल्टरचा असो वा अडकलेल्या चोकचा. काळा ओला चिकटा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं थकली. पांढरं, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापतंय. काकांचे तीन निकाल हेच. ते पुस्तकातही आहेत.

ही विद्या त्यांना मिळाली टू-स्ट्रोक स्कूटरच्या शाळेत. तिथे लिटरभर पेट्रोलमागे वीसेक मिलिलिटर ऑइल घालायचं, ते पेट्रोलबरोबरच जळायचं आणि उरलंसुरलं प्लगवर बसायचं. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे गॅपमध्ये ठिणगी पडण्याऐवजी ती परस्पर बॉडीत उतरायची आणि स्कूटर ऐन सिग्नलला रुसायची. अशा वेळी स्कूटर आडवी कलवणं, प्लग काढून घासणं, गॅपमध्ये हॅकसॉचं पातं घालून अंतर जमवणं आणि पुन्हा किक मारणं हे मध्यमवर्गीय पुरुषाचं नित्यकर्म होतं. पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं आणि गॅपही जवळपास तेवढीच लागायची, म्हणजे तो जुगाडही बिनबुडाचा नव्हता. तेव्हा दहांतल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ खरोखरच प्लगमध्ये सापडायचं. काकांची श्रद्धा अनुभवातून आली आहे. फक्त तो अनुभव एका सिलिंडरचा आहे.

आणि चूक नेमकी तिथेच होते. चार सिलिंडरच्या गाडीत एकटा प्लग फारसं सांगत नाही, चौघांतला फरक सांगतो. चारही काळे असतील तर दोष सगळ्यांना हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या भागात. एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरच्या घरात. काका मात्र हाताला सोयीचा पहिला प्लग काढतात आणि सगळ्या इंजिनाचं भविष्य सांगतात. कधी चुकून चारही काढलेच, तर त्यांतल्या सगळ्यात लख्ख प्लगची पाठ थोपटतात. वास्तविक हेड गॅसकेट फुटून कूलंटची वाफ आत शिरली की तोच प्लग धुऊन निघालेला असू शकतो. दुसरी अडचण वेळेची. रेसिंगवाले पूर्ण वेगात असताना इग्निशन तोडून, क्लच दाबून गाडी थांबवतात आणि मग प्लग वाचतात, कारण नंतर इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी रंग बदलू लागतो. काकांच्या हाती येणारा प्लग भाजी मंडईपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगून आलेला असतो. तो काळा होणार नाही तर काय? शिवाय त्यांच्या डोळ्यांतला रंगांचा तक्ता शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातला. ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं आणि निरोगी प्लगही पूर्वीपेक्षा फिका दिसू लागला. काकांना मात्र त्यात ‘तापतेय’ दिसतं.

यावर नवी पिढी म्हणेल, काकाच कशाला हवेत? स्कॅनर लावा, तो कोड देतो. देतो खरा. ‘पी ०३०३’ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय, हे तो बसल्या जागी सांगतो. पण कॉइल गेली, इंजेक्टर तुंबला की रिंगा संपल्या, हे त्या चार आकड्यांत नसतं. तिसरा प्लग काढला आणि तो ऑइलने माखलेला निघाला, तर पुढचा खर्च लगेच कळतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आताच्या गाडीत प्लग कॉइलखाली खोल दडलेले असतात, गरम ॲल्युमिनियम हेडमधून ते ओढून काढताना आटे जाऊ शकतात आणि इरिडियमच्या बारीक टोकावर काचकागद फिरवला तर चांगला महागडा प्लग तिथेच निकालात निघतो. हे सगळं खरं आहे. पण त्यातून प्लग बघणं निरर्थक ठरत नाही, विरंगुळा म्हणून बघणं तेवढं महाग ठरतं.

म्हणून काकांना पार्किंगमधून हाकलू नका. त्यांना कामाला लावा. इंजिन गार होऊ द्या, चारही प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा आणि मग त्यांना खुशाल वाचू द्या. त्यांचं निदान ऐकून घ्या, फोटो काढून मेकॅनिकला दाखवा. काचकागद मात्र त्यांच्या हातून आधी काढून घ्या.