चैन आहे!

असा एक माणूस तुमच्याही आळीत असणारच. गाडी चुकलेली, गॅस संपलेला, टाकीत पाणी चढलेलं नाही, अशी सगळी रड गोळा करून तुम्ही त्याच्या ओट्यावर टेकता. तो शांतपणे सरकून तुम्हाला जागा करून देतो आणि म्हणतो, "पण टेकायला ओटा आहे ना? चैन आहे!"

रोह्याजवळच्या आमच्या अष्टमी गावातला हा माणूस माझ्या घरापासून चार घरं सोडून राहतो. कादंबरीकार आहे. म्हणजे २२ वर्षांपासून एक कादंबरी लिहितो आहे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही तोंडावर भाऊच म्हणतो, मनात चैनराव.

'चैन' म्हणायला या गृहस्थाला काहीही चालतं. दाढ काढायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी आधी शेजारची चांगली दाढ काढली, मग किडलेली. तोंडात कापूस, गाल भोपळ्याएवढा. मी डॉक्टरांशी भांडायच्या तयारीत. भाऊंनी मला हातानेच थांबवलं, कापूस बाहेर काढला आणि म्हणाले, "आता दोन दात कमी घासायचे. चैन आहे!"

दिवा-रोहा गाडीने एकदा आम्ही मुंबईहून परत येत होतो. पनवेलपर्यंत मी एका पायावर, भाऊ कोणाच्या तरी पिशवीवर. पेणला एक माणूस उतरला तशी भाऊंनी मला त्या जागेत लोटलं आणि स्वतः अर्धी मांडी टेकवून बसले. "पेणला जागा मिळाली! चैन आहे!" अहो भाऊ, पेणपुढे राहिलं काय? कासू, नागोठणे, निडी, की आलंच रोहा. "म्हणजे चार स्टेशनं," ते म्हणाले. एखाद्याला वतनात चार गावं मिळाली असती तर त्याने अशाच आवाजात सांगितलं असतं.

या वृत्तीने देशाचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या आळीतला दिव्याचा खांब महिनाभर बंद होता. मी तक्रार अर्ज लिहिला, घरोघर सह्या घेतल्या. भाऊंनी सही केली, पण खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मात्र अंधारामुळे चांदणे फार सुंदर दिसते.' तो अर्ज ज्या टेबलावर गेला तिथल्या साहेबांनी हे वाक्य मोठ्याने वाचलं म्हणे. खांब पुढचे दोन महिने बंदच राहिला.

विजेवरून तर आमचं कायमच वाजायचं. मुळशीचं पाणी भिऱ्याला खाली येतं, तिथे त्याची वीज होते, १९२७ पासून होते आहे. ती वीज गेली मुंबईला. वीज काढून उरलेलं पाणी कुंडलिकेत सुटतं, कोलाडला त्यावर पुण्यामुंबईची मंडळी हेल्मेट घालून, किंचाळत रबरी होड्या हाकतात, आणि मग ते आमच्या पुलाखाली येतं. म्हणजे धरणासाठी मुळशीकरांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी तुरुंग भोगला, दिवे दुसरीकडे लागले आणि एप्रिलच्या दुपारी पंखा बंद पडून आम्ही घामात. एवढं सगळं मी पोटतिडकीने सांगितलं. भाऊ पुलाच्या कठड्यावरून खाली बघत होते. "भर उन्हाळ्यात नदीला पाणी," ते म्हणाले. पुढचे दोन शब्द मी ऐकले नाहीत. कानांवर हात ठेवले होते.

आणि तो पंख्याचा हार! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पत्रे, माड, खांब, सगळं आडवं. आमच्याकडे वीज परत यायला आठवडे लागले. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी भाऊ परसातली जास्वंद तोडून, हार करून, स्टुलावर चढून पंख्याला घालत होते. घातला. खाली उतरून हात जोडले. मग बटण दाबलं. फुलं भिंतीवर, कपाटावर, माझ्या चहात. हाराचा दोरा पंख्यात गुंतून मोटर जळाल्याचा वास आला. मी मुद्दाम वाट बघत उभा राहिलो, आता काय म्हणतोस! "पाच मिनिटं वारा लागला," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे बघून हसले.

अशा माणसाने कादंबरी लिहावी? कादंबरीकार कसा पाहिजे, तर त्याला जगाशी हिशेब चुकता करायचा असला पाहिजे. हे मी त्यांना सुनावलं, तर त्यांनी मलाच यादी ऐकवली. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ ला. र. वा. दिघे आपल्याच जिल्ह्यात, खोपोलीजवळ विहारीला शेती करत लिहीत राहिले. श्री. ना. पेंडसे बेस्टची नोकरी सांभाळून लिहायचे. अण्णा भाऊंनी घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत दिवस काढले आणि 'फकिरा' दिली. "आणि मला बघा. टेबल आहे, दिवा आहे, पेन्शन आहे. चैन आहे!"

"भाऊ," मी म्हणालो, "त्या सगळ्यांनी पुस्तकं पूर्ण केली."

त्यावर ते इतके मनापासून हसले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्या त्या पेन्शनचा आकडा मला माहीत होता. धाटावचा एक कारखाना बंद पडला त्यात यांची नोकरी गेली होती. पेन्शनमध्ये महिन्याचं दूध आणि वर्तमानपत्र सुटतं, इतकंच. गेल्या पावसाळ्यापासून वर्तमानपत्र ते माझ्याकडचं, शिळं वाचतात. (शिळ्या बातम्या म्हणे निवांत वाचता येतात. पुढचे दोन शब्द तुम्हीच म्हणा.)

कादंबरीच्या वह्या हातात पडल्या त्या पोपटीच्या रात्री. जानेवारीत शेतावर मडकं लावलं होतं. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, वर पेटवलेला जाळ. माझं लक्ष मडक्याकडे, आणि भाऊंनी पिशवीतून दोनशे पानी १४ वह्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. "वाचून सांगा, लांबलीय का." करपलेल्या शेंगा तेवढ्या त्यांच्या वाट्याला आल्या. त्यांनी त्या शेंगांचा खमंगपणा वाखाणला. मी वह्यांचं वजन तोलत होतो.

वाचल्या. नाइलाजाने, मग रात्री जागून. पहिल्याच प्रकरणात नायकाचा बाप खाडीत बुडतो. तिसऱ्यात पुरात घर जातं, पाचव्यात जमीन कोर्टात, सातव्यात नायकाचा भाऊ मुंबईला जातो तो परत पत्र टाकत नाही. एवढी संकटं हरिश्चंद्रानेही कोणाबरोबर वाटून घेतली असती. पण गंमत अशी, की बाप बुडतो तो साडेचार ओळींत. नंतर थरथरणाऱ्या पोराच्या अंगावर शेजारीण कोरडी घोंगडी टाकते, ती घोंगडी नऊ पानं. पूर दीड पानात ओसरतो; दुसऱ्या दिवशी कोणीतरी आणून दिलेली गरम पेज आणि लिंबाचं लोणचं, यावर अख्खं प्रकरण. संपादकाने हा माणूस उलटा टांगला असता. आणि मी, रात्री दीड वाजता, उठून डब्यात लोणचं आहे का बघत होतो.

शेवटच्या तीन वह्यांत मात्र चहाच आहे. नायकाची बायको बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली, एका सकाळी चहा मागते. नायक परसात जाऊन गवती चहा तोडतो. आलं किसतो. दूध उतू जाता जाता वाचतं. कान तुटलेला कप शोधतो, कारण तिला तोच लागतो. दार, खिडकी, उन्हाचा पट्टा, गाळणं. सहाशे पानं. चहा अजून तिच्यापर्यंत पोचलेला नाही.

वहिनी वारल्या त्या २०२० च्या दिवाळीआधी. वादळानंतरच्या त्या आठवड्यांत, आतल्या खोलीत, रात्ररात्र भाऊ पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे, हे मला तेव्हाही माहीत होतं. हाराच्या गोष्टीत मी ते कधी सांगत नाही. गोष्टीची मजा जाते.

वाचून संपल्यावर दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन गेलो. भाऊ ओट्यावर सरकले. तक्रार करायची म्हणून मी घरूनच ठरवून निघालो होतो.

"भाऊ, किती उकळवणार तो चहा? कडू झाला असेल एव्हाना."

भाऊंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. बराच वेळ पुसला.

"ती प्यायली की प्रकरण संपतं हो," ते म्हणाले.

समोरून पाववाला सायकलची घंटी वाजवत गेला. मी चौदावी वही उघडली, चाळल्यासारखं केलं.

"आलं जरा कमी वाटतंय मला," मी म्हणालो.

"कमी?" त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, शेवटचं पान काढलं, आणि खिशातल्या पेनाचं टोपण उघडलं.